जावा ॲप्लिकेशन सर्व्हरची तुलना : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

बागलाण तालुक्यातील नामपूर ही मोसम नदीकाठची बाजारपेठ कांद्याच्या लिलावासाठी परिचित आहे. लिलावानंतर व्यापाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा होणे आणि ती शेतकऱ्याच्या खात्यात जमा होणे, हा व्यवहार वरवर साधा वाटतो. परंतु ही दोन खाती दोन वेगळ्या डेटाबेसमध्ये असतील आणि पहिली नोंद झाल्यावर, दुसरी होण्यापूर्वी, वीज गेली तर काय होईल? एकतर दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, ही हमी संगणकप्रणालीला द्यावी लागते. हजारो ग्राहकांच्या मागण्या एकाच वेळी स्वीकारणे, त्यांची ओळख तपासणे, डेटाबेसशी जोडणी राखणे आणि अशा व्यवहारांत समन्वय घडवून आणणे, ही कामे करणारा मधला स्तर म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर होय. वापरकर्त्याला तो कधीही दिसत नाही. मात्र मोठ्या संस्थेचा कारभार त्याच्यावर उभा असतो.

जावा भाषेवर आधारित ॲप्लिकेशन सर्व्हरची तुलना बहुधा वेग आणि किंमत या दोन निकषांवर केली जाते. हे निकष आवश्यक असले तरी पुरेसे आहेत काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या विकासाचे टप्पे समजून घेणे.
२) तुलनेच्या प्रचलित निकषांच्या मर्यादा तपासणे.
३) महाराष्ट्राशी संबंधित दोन उदाहरणांच्या आधारे निवडीचा निर्णायक निकष शोधणे.

प्रमाणकाचा उदय :

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा भाषा जाहीर केली. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रावर चालावी, हा तिचा मूळ दावा होता. डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ईई १.२ हे प्रमाणक प्रसिद्ध झाले आणि हाच दावा सर्व्हरच्या पातळीवर नेण्यात आला. आज्ञावली प्रमाणकाप्रमाणे लिहिली, तर ती एका उत्पादकाच्या सर्व्हरवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर हलविता यावी, अशी ही कल्पना होती.

या प्रमाणकाभोवती थोड्याच काळात मोठी स्पर्धा उभी राहिली. बीईए कंपनीने १९९८ मध्ये वेबलॉजिक विकत घेतले होते. त्याच वर्षी आयबीएमने वेबस्फिअर बाजारात आणले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या प्रमती टेक्नॉलॉजीज या भारतीय कंपनीनेही स्वतःचा सर्व्हर तयार करून त्याला जे-टू-ईईची मान्यता मिळविली, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. दुसऱ्या बाजूला मुक्तस्रोत प्रवाह होता. १९९९ मध्ये सनने अपाची फाउंडेशनकडे सुपूर्द केलेल्या संहितेतून टॉमकॅट विकसित झाला, आणि त्याच वर्षी मार्क फ्लुरी यांनी जेबॉसचे काम सुरू केले.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. टॉमकॅट मुख्यतः ब्राउझरकडून आलेल्या मागण्यांना उत्तर देणारा सर्व्हलेट कंटेनर आहे. एकाहून अधिक डेटाबेसमधील व्यवहारांचा समन्वय, संदेशांची रांग आणि एंटरप्राइज जावाबीन यांची व्यवस्था त्यात अंगभूत नाही. वेबलॉजिक, वेबस्फिअर आणि जेबॉस यांत ती असते. म्हणून टॉमकॅट आणि वेबलॉजिक यांची थेट तुलना करणे म्हणजे टेम्पो आणि मालगाडी यांची तुलना करण्यासारखे आहे. आधी किती माल, कोठे न्यावयाचा आहे, हे ठरले पाहिजे.

अनेक संस्थांनी मात्र मालगाडी घेऊन टेम्पोएवढाच माल वाहिला. जे-टू-ईईची, विशेषतः एंटरप्राइज जावाबीनची, गुंतागुंत छोट्या कामांनाही जड पडत होती. रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये आपल्या ग्रंथातून यावर टीका केली आणि तीतूनच पुढे स्प्रिंग ही आज्ञावलीची चौकट आकाराला आली. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. टॉमकॅटला स्प्रिंगची जोड देऊन पुष्कळशी कामे भागू लागली. २००६ च्या जावा ईई ५ मध्ये प्रमाणकानेही सोपेपणाची ही दिशा स्वीकारली.

वेगाच्या निकषाची मर्यादा :

सर्व्हरचा वेग मोजण्यासाठी २००१ मध्ये ईसीपर्फ ही चाचणी तयार झाली. पुढे स्पेक या संस्थेने तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. २००४ च्या आवृत्तीत वाहन-उत्पादक कंपनी, तिचे विक्रेते आणि पुरवठादार यांचे व्यवहार नमुना म्हणून घेतले होते. चाचणीची रीत काटेकोर असली, तरी निकालात सर्व्हरबरोबरच यंत्र, डेटाबेस आणि जुळणी करणाऱ्या तज्ज्ञांचे कौशल्यही मोजले जाते. मोठ्या यंत्रावरील सर्व्हर पुढे दिसतो. म्हणून तोच श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही.

स्वतंत्र संशोधकापुढील अडचण याहून मोठी आहे. अनेक व्यापारी सॉफ्टवेअरच्या परवान्यांत, चाचणीचे निष्कर्ष निर्मात्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नयेत, अशी अट असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्रा. डेव्हिड डेविट यांच्या १९८० च्या दशकातील डेटाबेस-चाचणीनंतर ही अट रूढ झाली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्या वस्तूची तुलना जाहीर करण्यास तिच्या निर्मात्याची संमती लागते, तिच्याविषयीची प्रसिद्ध तुलना सावधपणेच वाचली पाहिजे.

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला एक निकष या चाचण्यांत नव्हताच. जावा भाषेने आरंभापासून युनिकोड स्वीकारला. त्यामुळे देवनागरी अक्षरे तिच्या आत सुखरूप राहतात. परंतु ब्राउझरकडून आलेला मजकूर सर्व्हर कोणत्या संकेतप्रणालीत वाचतो, हा प्रश्न वेगळा आहे. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत पत्त्याच्या ओळीतून येणारा मजकूर, वेगळी सूचना दिली नसल्यास, पश्चिम युरोपीय लिपीचा मानला जात असे. २०१४ मध्ये स्थिर झालेल्या आठव्या आवृत्तीत युटीएफ-८ हा मूळ पर्याय झाला. तोवर ही जुळणी विसरली गेली, की शोधचौकटीत टाइप केलेले मराठी नाव सर्व्हरपर्यंत पोहोचेतो निरर्थक चिन्हांत बदलत असे. सेकंदाला किती व्यवहार होतात, हे मोजणाऱ्या कोष्टकात या दोषाला स्थान नाही.

मुंबईचे उदाहरण : फ्लेक्सक्यूब

सिटी समूहातील सिटीकॉर्प इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इंडस्ट्रीज या मुंबईच्या कंपनीने १९९७ मध्ये फ्लेक्सक्यूब ही बँकिंग प्रणाली आणली. कंपनीचे नाव २००० मध्ये आय-फ्लेक्स सोल्युशन्स झाले. २००५ मध्ये ओरॅकलने तिच्यातील सिटी समूहाचा हिस्सा विकत घेतला आणि २००८ मध्ये तिचे नाव ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर असे झाले. याच २००८ मध्ये ओरॅकलने बीईए, म्हणजेच वेबलॉजिक, आपल्याकडे घेतले आणि जानेवारी २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचीही खरेदी पूर्ण केली. अशा रीतीने बँकिंग प्रणाली, तिच्याखालचा ॲप्लिकेशन सर्व्हर, त्याखालचा डेटाबेस आणि खुद्द जावा भाषा हे चारही स्तर पाच वर्षांच्या आत एकाच मालकाकडे आले.

ग्राहक बँकेने २००४ मध्ये केलेली कोणतीही तुलना या घटनांचा अंदाज बांधू शकली नसती. तथापि, यानंतरही फ्लेक्सक्यूबच्या बाराव्या मालिकेच्या अधिकृत पुस्तिकांत वेबलॉजिकबरोबरच आयबीएमच्या वेबस्फिअरवर प्रणाली बसविण्याची कृती दिलेली आढळते. मालक बदलला, तरी प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हरचा मार्ग बंद झाला नाही. हा मार्ग खुला राहणे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले, ते दोन्ही सर्व्हर एकाच प्रमाणकाचे पालन करीत असल्यामुळे.

प्रमाणकालाही मालक असतो, हे मात्र पुढे प्रत्ययास आले. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई हे प्रमाणक एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. पण ‘जावा’ या नावावरील हक्क स्वतःकडे ठेवला. परिणामी प्रमाणकाचे नाव जकार्ता ईई झाले. २०२० च्या अखेरीस आलेल्या नवव्या आवृत्तीत आज्ञावलीतील ‘जावाएक्स’ने सुरू होणारी संबंधित नावेही ‘जकार्ता’ अशी बदलावी लागली. टॉमकॅट १० वर जाणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांना हा बदल करणे भाग पडले. केवळ नावाच्या हक्कापायी जगभरच्या संस्थांना हा भुर्दंड सोसावा लागला.

खानदेशाचे उदाहरण : टेंभलीपासून सुरू झालेला प्रवास

बागलाणच्या शेजारच्या खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक प्रदान करण्यात आले. एप्रिल २०१६ मध्ये आधार क्रमांकांची संख्या १०० कोटींवर गेली. एवढ्या विस्ताराची प्रणाली उभारताना भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने विक्रेत्यापासून स्वातंत्र्य हे रचनेचे तत्त्व म्हणून स्वीकारले. प्राधिकरणाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनाविषयक दस्तऐवजात सर्वसामान्य यंत्रे, खुली प्रमाणके आणि जावा, स्प्रिंग यांसारखे मुक्तस्रोत घटक यांवर भर दिलेला आहे. बोटांचे ठसे आणि बुबुळे जुळविण्याचे कामही आरंभी एकाच पुरवठादारावर न सोपविता तीन वेगवेगळ्या समूहांकडे देण्यात आले होते.

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणकांचे आणि मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. टेंभलीपासून सुरू झालेला प्रवास आणि ही धोरणे एकाच विचाराची अंगे आहेत.

तथापि, मुक्तस्रोत म्हणजे विनाखर्च, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. परवान्याचा खर्च वाचला, तरी तो कुशल मनुष्यबळाच्या रूपाने परत येतो. आधार प्रकल्पाकडे स्वतःचे सक्षम अभियंते होते. तालुक्याच्या ठिकाणची पतसंस्था किंवा बाजार समिती यांच्याकडे ते असतीलच असे नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, तर दूरध्वनी कोणाला करावयाचा, याचे उत्तर ज्या संस्थेकडे नाही, तिला विक्रेत्याचा आधार घेणे व्यवहार्य ठरू शकते. अशा संस्थेने करारात आपली माहिती आणि आज्ञावली दुसरीकडे नेण्याचा हक्क राखून ठेवणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

१) वेग व किंमत हे तुलनेचे निकष तात्कालिक आहेत. यंत्रे, आवृत्त्या आणि मालक बदलले, की त्यांची उत्तरे बदलतात.

२) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाण्याचे स्वातंत्र्य हा दीर्घकालीन निकष आहे. प्रमाणकाचे पालन हे या स्वातंत्र्याचे साधन असले, तरी प्रमाणकाची मालकी कोणाकडे आहे, हेही तपासले पाहिजे.

३) देवनागरी मजकुराची अचूक हाताळणी हा निकष महाराष्ट्रातील संस्थांनी आपल्या मागणीपत्रात आरंभीच नोंदविला पाहिजे.

४) हे स्वातंत्र्य शेवटी माणसांच्या ज्ञानावर अवलंबून असते. त्यामुळे हा प्रश्न महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांपर्यंत येऊन पोहोचतो. विद्यार्थ्याला एखाद्या उत्पादनाच्या पडद्यावरील बटणे शिकविली, तर त्याचे ज्ञान त्या उत्पादनाबरोबर कालबाह्य होते. व्यवहार, समन्वय, सुरक्षितता आणि प्रमाणक या संकल्पना शिकविल्या, तर तो कोणत्याही सर्व्हरसमोर निर्धास्तपणे उभा राहू शकतो.

नामपूरच्या बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला आपली रक्कम कोणत्या सर्व्हरमधून आली, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ती पूर्ण यावी, वेळेवर यावी आणि पावतीवर त्याचे नाव मराठीत बिनचूक उमटावे, एवढीच त्याची रास्त अपेक्षा असते. ही अपेक्षा मालक बदलल्यानंतरही पूर्ण करण्याची क्षमता बाळगणारी तरुण पिढी ग्रामीण भागातील महाविद्यालयांतूनही घडविता येईल; त्यासाठी लागणारी बरीचशी साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत.