घरात किंवा सोसायटीत लॅन केबल टाकताय? आधी या ५ गोष्टी पाहा

वायफाय नीट पोचत नाही किंवा जिन्यात कॅमेरा बसवायचाय म्हणून लॅन केबल ओढली जाते. काम साधं वाटतं. भिंतीला एक भोक, थोडी केसिंग पट्टी आणि दोन्ही टोकांना जॅक. या केबलमधून कमी व्होल्टेजची वीज जाते, त्यामुळे ती एरवी धोकादायक नसते. धोका असतो तो ती कुठून आणि कशाच्या शेजारून नेली यात.

१. विजेच्या वायरपासून लांब ठेवा

लॅन केबल आणि विजेची वायर एकाच पाइपातून नेऊ नका. विजेच्या वायरचं आवरण वितळलं किंवा उंदरांनी कुरतडलं, तर २३० व्होल्ट लॅन केबलमध्ये उतरून राउटर आणि कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकतात. दोन्हींमध्ये शक्यतो २० ते ३० सेंटीमीटर अंतर ठेवावं. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात ओलांडावं.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नये, वायर सहसा तिथूनच गेलेल्या असतात. ड्रिल करण्याआधी त्या भिंतीतल्या वायरिंगचा एमसीबी बंद करावा.

२. तांब्याचीच केबल घ्या

चांगल्या कॅट-६ केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा असतात. स्वस्त 'सीसीए' केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा फक्त मुलामा असतो. कॅमेऱ्याला याच केबलमधून वीज द्यायची असेल (याला 'पीओई' म्हणतात), तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. २०१८ च्या मानकानुसार पीओईमध्ये एका केबलमधून ९० वॉटपर्यंत वीज सोडता येते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे अशी केबल जास्त तापते. तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरट चमक दिसली तर ते ॲल्युमिनियम.

३. डक्टमधली भोकं बुजवा

मजल्यामजल्यांतून जाणारा उघडा डक्ट आगीत धुराड्यासारखं काम करतो. साध्या पीव्हीसी आवरणातून जळताना दाट धूर आणि घातक हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. म्हणून इथे 'एलएसझेडएच' म्हणजे कमी धुराच्या आवरणाची केबल वापरावी.

भोक बुजवायला साधा फोम चालत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलच्या भोकातून हवा येते का, हे मेणबत्तीने तपासलं जात होतं. तिथल्या फोमने पेट घेतला, आग भिंतीपलीकडे गेली आणि १,६०० हून जास्त केबल्सचं नुकसान झालं. आग रोखणारं फायरस्टॉप सीलंटच वापरावं.

४. दोन इमारतींमध्ये फायबर

गच्चीवरून शेजारच्या इमारतीत तांब्याची केबल नेली, तर जवळपास वीज पडल्यावर तिचा झटका दोन्हीकडच्या उपकरणांना बसू शकतो. धातूची तार नसलेल्या ऑप्टिकल फायबरमध्ये हा धोका नसतो.

५. जोर लावू नका

केबल ११ किलोपेक्षा जास्त ताणाने ओढू नये. वळण केबलच्या जाडीच्या किमान चौपट त्रिज्येचं असावं. एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी.

शेवटी, पट्टी किंवा प्लास्टर बंद करण्याआधी केबलच्या मार्गाचे फोटो काढून ठेवावेत. पुढच्या वेळी त्याच भिंतीत ड्रिल मारणाऱ्याला ते उपयोगी पडतील.