सोल्डरिंग आयर्न : निगा व दुरुस्ती

इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदात सुटे भाग जोडण्याचे विजेवर तापणारे साधन. २५ वॅटचे साधे आयर्न घरगुती कामाला बहुधा पुरते.

तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा टोकात (बिट) असते. सोल्डरमधील कथिलात तांबे हळूहळू विरघळते, म्हणून तांब्याच्या टोकावर लोखंडाचा पातळ मुलामा देतात. तो कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासला, की आतले तांबे उघडे पडते आणि टोकाला खड्डे पडतात. मुलामा नसलेले जुन्या पद्धतीचे टोक मात्र कानशीने घासूनच नीट करतात. दोन्हींत गल्लत करू नये. काळे पडलेले टोक सोल्डर धरत नाही. ते पितळी काथ्यावर पुसून फ्लक्स व ताजे सोल्डर लावावे. बंद करण्यापूर्वीही सोल्डरचा थर ठेवावा. ६३/३७ प्रमाणातील कथिल-शिसे सोल्डर १८३° से.ला वितळते; त्यामुळे सोल्डर धरेना म्हणून तापमान वाढवत नेल्यास टोक अधिकच काळे पडते.

आयर्न तापतच नसेल, तर आधी वायर व प्लग पाहावा. प्लग काढून मल्टिमीटरने मोजल्यास २३० व्होल्ट, २५ वॅटच्या नायक्रोम एलिमेंटचा रोध सुमारे २.१ किलोओहम येतो. अनंत आल्यास वायर किंवा एलिमेंट तुटलेले असते. सिरॅमिक हीटरला हा हिशेब लागू नाही. एलिमेंट ठीक असून टोक कोमट राहिल्यास स्क्रू सैल झालेला किंवा नळीत ऑक्साइडची खपली साचलेली असते. आयर्न थंड असताना टोक अधूनमधून बाहेर काढून ती झटकावी, नाहीतर ते आतच अडकून बसते.