हरण्या

आम्ही बागवान. फळे पिकवायची आणि विकायची, हा घरचा धंदा. मी मात्र बी.ए. झालो आणि कवितेच्या नादी लागलो. तरी रावेर तालुक्यातली अब्बांची केळीची बाग अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. मृगबागेत बसराईची लागवड होती. श्रावणात एका झाडाच्या कोवळ्या पानावर पिवळे पट्टे दिसले. शेजारच्या मळ्यातले पाटीलकाका म्हणाले, ‘‘भाई, हरण्या आला. झाड उपटा अन् जाळून टाका.’’ अब्बांचा हात धजेना. ‘‘लेकरू आजारी पडलं तर कुणी घराबाहेर टाकतं का?’’ म्हणत त्यांनी त्या झाडाला जास्तीचे खत घातले. दिवाळीपर्यंत निम्मी बाग पट्ट्यापट्ट्यांची झाली, पोंगे सडले. पुढच्या वर्षी सावदा स्टेशनावरून दिल्लीला गेलेल्या वॅगनींत आमचा माल जवळपास नव्हताच. घरात कुणी नजर लागली म्हणाले, कुणी नशीब.

हरण्या हा विषाणूचा रोग. १९१६ साली अमेरिकेत तो काकडीवर ओळखला गेला, म्हणून त्याचे नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात तो केळीवर सापडला. आपल्याकडे १९५१ साली कामत आणि पटेल या शास्त्रज्ञांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या केळीवर त्याची नोंद केली. जळगाव त्या वेळी पूर्व खान्देश होता आणि धुळे पश्चिम खान्देश.

विषाणूला ना पाय, ना पंख. त्याला वाहून नेतो मावा. हा किडा पानात सोंड खुपसून चव घेतो. झाड रोगी असेल तर काही सेकंदांतच विषाणू सोंडेला चिकटतो आणि पुढच्या झाडाची चव घेताना तिथे उतरतो. काही तासांत सोंड पुन्हा स्वच्छ! म्हणूनच नुसत्या फवारणीने हरण्या थांबत नाही. मरण्याआधीच मावा आपले काम उरकून बसतो. तो येतो कुठून? आंतरपीक म्हणून लावलेल्या काकडी, भोपळा, मिरचीवरून आणि बांधावरच्या तणावरून. ढगाळ, दमट हवा त्याला मानवते.

सगळेच किडे असे उधळे नसतात. धुळ्याला माझ्या खालाच्या परसात भेंडीच्या शिरा पिवळ्या पडत. हा रोग मुंबई इलाख्यात १९२४ साली कुलकर्णी यांनी नोंदवला. तो विषाणूचा असल्याचे १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी दाखवून दिले. त्याची वाहक पांढरी माशी. विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचतो आणि मग ती बरेच दिवस, कधी कधी मरेपर्यंत, रोग वाटत फिरते.

पुढे बसराई मागे पडली, ग्रँड नैनची ऊतिसंवर्धित रोपे आली. निरोगी रोप मिळू लागले, पण शेतात आल्यावर त्या कोवळ्या रोपालाही मावा गाठतोच. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात हरण्या पुन्हा पसरला. महागाची रोपे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने उपटली. कारण एकदा लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही. निरोगी रोप लावायचे, बांध स्वच्छ ठेवायचा, केळीत काकडीवर्गीय पीक घ्यायचे नाही आणि पहिले रोगी झाड दिसताच मुळासकट काढून नष्ट करायचे, एवढेच आपल्या हाती.

अब्बा आज नाहीत. त्या नुकसानीनंतरच्या हंगामात त्यांनी पट्टे दिसलेले पहिले झाड त्याच दिवशी उपटले. ते जळेपर्यंत शेजारी बसून राहिले आणि मला म्हणाले, ‘‘बेटा, एकावर दया केली की बाकीच्यांवर जुलूम होतो, हे मला उशिरा कळलं.’’ त्या वर्षी बाग वाचली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)