कमी ऐकण्याची कला: आर्ड्रॉसनची तार, डिसेंबर १९२१

डिसेंबर १९२१चा पहिला आठवडा. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन या बंदरगावाबाहेर, समुद्रालगतच्या एका ओल्या शेतात तंबू ठोकला आहे. बाहेर पाऊस आणि वारा. आत रेडिओसंच, आणि कानांना हेडफोन लावून रात्रभर बसलेली दोन माणसे. तंबूतून निघालेली एकच तार दहा खांबांवरून अमेरिकेच्या रोखाने १३०० फूट गेली आहे. खांबांची उंची अवघी १२ फूट. रेडिओची तार जितकी उंच तितकी चांगली, असे मानण्याच्या त्या काळात ही मांडणी पाहणाऱ्याला कपडे वाळत घालायची दोरीच वाटली असती.

या दोरीवर अमेरिकेतील हजारो हौशी रेडिओवाल्यांची अब्रू टांगलेली होती.

त्यासाठी नऊ वर्षे मागे जावे लागते. अमेरिकेच्या १९१२च्या रेडिओ कायद्याने खाजगी हौशी केंद्रांना २०० मीटर वा त्याहून कमी तरंगलांबीत ढकलले. लांब तरंग दूर जातात, आखूड तरंग वाटेतच विरतात, अशी तेव्हाच्या तज्ज्ञांची ठाम समजूत होती. त्यामुळे नौदल आणि मोठ्या कंपन्यांनी कामाच्या तरंगलांब्या स्वतःकडे ठेवल्या आणि उरलेला, निरुपयोगी समजला गेलेला कोपरा हौशींना दिला. गावाबाहेरचे पडीक रान देऊन बोळवण करावी, तसाच हा प्रकार. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगने याच रानात आपले जाळे उभारले. महायुद्धात सगळ्या हौशी केंद्रांना टाळे लागले. १९१९ मध्ये ते निघाले. आता प्रश्न होता तो अटलांटिकचा. २०० मीटरचा तरंग महासागर ओलांडतो हे सिद्ध झाले, तर हौशींना कोपऱ्यात ठेवण्यामागचा तर्कच कोसळणार होता.

फेब्रुवारी १९२१ मध्ये पहिला प्रयत्न झाला. अमेरिकेतील केंद्रांनी ठरल्या वेळी संदेश पाठवले, ब्रिटनमधील हौशींनी कान लावले, आणि कोणालाही खात्रीने काही ऐकू आले नाही. दोष प्रक्षेपकाचा की ग्राहकाचा, हा वाद साहजिकच पेटला. अखेर लीगने ठरवले की पुढच्या वेळी ऐकणारा माणूसही आपलाच पाठवायचा. निवड झाली न्यू जर्सीच्या पॉल गॉडली यांची. आखूड तरंगांचे संच बनवण्यात त्यांचा हात धरणारे तेव्हा फार थोडे होते. नोव्हेंबरच्या मध्यास ते ‘अक्विटेनिया’ या जहाजाने निघाले.

याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एक अगदी वेगळी लढाई चालू होती. आरसीए या कंपनीला युरोपशी व्यापारी बिनतारी तारायंत्र चालवायचे होते, तेही १० ते २० किलोमीटर लांबीच्या तरंगांवर. प्रक्षेपणासाठी अवाढव्य यंत्रे तयार होती. अडचण ऐकण्यात होती. विषुववृत्ताकडील वादळांतल्या विजांची खरखर लांब तरंगांवर इतकी प्रचंड असे की युरोपचा संदेश तिच्यात बुडून जाई. संच अधिक संवेदनशील केला तर संदेशासोबत खरखरही तितकीच वाढे. गजबजलेल्या बाजारात कानामागे हात धरण्याऐवजी कर्णा लावावा, तशी ती गत!

हॅरल्ड बेव्हरेज हे मेन राज्यात १८९३ मध्ये जन्मलेले तरुण अभियंता या प्रश्नावर काम करत होते. भूगोल त्यांच्या बाजूने होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पाहता युरोप ईशान्येला, तर खरखरीचा मुख्य उगम नैर्ऋत्येला. म्हणजे एका दिशेला ऐकणारी आणि पाठीमागे बहिरी असलेली तार मिळाली, तर प्रश्न सुटणार होता. जमिनीलगतची कित्येक मैल लांब तार दोन दिशांनी चांगले ऐकते, हे दिसून आले होते. १९२० मध्ये बेव्हरेज यांना उमगले की तारेच्या दूरच्या टोकाला योग्य मूल्याचा रोध लावून तो जमिनीला जोडला, की दोनपैकी एक दिशा जवळजवळ नाहीशी होते. ७ जून १९२१ रोजी त्यांना पेटंट मिळाले. रिव्हरहेड येथील केंद्रावर अशी नऊ मैलांपर्यंतची तार ताणली गेली.

यामागचे भौतिकशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. जमिनीवरून सरकणाऱ्या रेडिओतरंगाचे विद्युतक्षेत्र मुळात उभे असते. जमीन परिपूर्ण सुवाहक नसल्यामुळे तरंगाचा पाय किंचित मागे ओढला जातो आणि माथा पुढे झुकतो. या झुकण्यामुळे क्षेत्राचा छोटासा भाग आडवा होतो आणि तोच आडव्या तारेत प्रवाह निर्माण करतो. तरंग तारेच्या बाजूने पुढे जातो आणि तारेतला प्रवाह साधारण त्याच वेगाने त्याच्यासोबत धावतो. प्रत्येक पावलागणिक त्यात भर पडत जाते. समोरून आलेला संदेश असा वाढत वाढत संचापाशी पोहोचतो. पाठीमागून आलेली खरखरही वाढते, पण उलट्या दिशेने, दूरच्या टोकाकडे. तिथे रोध तिला गिळून टाकतो. रोध नसेल तर ती टोकावर आपटून परत संचाकडे येते. बाजूने येणाऱ्या तरंगांचे परिणाम तारेच्या लांबीभर एकमेकांना खोडून काढतात.

ही तार तशी अत्यंत अकार्यक्षम आहे. पकडलेल्या ऊर्जेचा मोठा भाग जमिनीत आणि रोधात जातो. प्रक्षेपणासाठी तिचा काहीच उपयोग नाही. तिच्यातून संदेश उंच अँटेनापेक्षा क्षीणच येतो. खरखर मात्र त्याहून कितीतरी अधिक क्षीण होते, आणि ऐकणाऱ्याला तेवढेच पुरते. इतिहासाच्या पुस्तकांत रेडिओची प्रगती म्हणजे शक्तिशाली प्रक्षेपकांची आणि गगनचुंबी मनोऱ्यांची कहाणी असते. बेव्हरेज यांची तार त्या कहाणीत नीट बसत नाही. बहुधा म्हणूनच तिचा उल्लेख क्वचित आढळतो.

मैलोन्मैलांच्या तरंगांसाठी जन्मलेली ही कल्पना गॉडली यांनी २०० मीटरवर आणली. इथे नऊ मैलांची गरज नव्हती. तारेने एकदोन तरंगलांब्या व्यापल्या तरी दिशा मिळते आणि १३०० फूट म्हणजे सुमारे ४०० मीटर, २०० मीटरच्या जवळपास दुप्पट. लंडन परिसरातील गोंगाट टाळून त्यांनी आर्ड्रॉसन गाठले. मार्कोनी कंपनीचे पीअरसन नावाचे निरीक्षक सोबतीला होते. एक बाब मात्र नमूद करायला हवी. सिद्धान्ताप्रमाणे खाऱ्या पाण्यालगतची ओली जमीन या तारेला मुळीच मानवत नाही, कारण जमीन जितकी सुवाहक तितका तरंगाचा झुकाव कमी. रेताड, खडकाळ जमीन उलट बरी. तरीही आर्ड्रॉसनच्या शेतात तार चालली.

७-८ डिसेंबरच्या रात्री गॉडली यांना पहिली अमेरिकन हौशी खूण ऐकू आली: १ एएडब्ल्यू. पुढच्या रात्रींत खुणांची रांगच लागली. ११ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे स्कॉटलंडच्या घड्याळाने १२ तारखेच्या पहाटेपूर्वी, कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथून १ बीसीजी या केंद्राचा संपूर्ण संदेश आला. हे केंद्र रेडिओ क्लब ऑफ अमेरिकाच्या सदस्यांनी उभारले होते. संदेशात अभिनंदनाचे दोनच शब्द आणि खाली सहा नावे होती. त्यांतले एक एडविन आर्मस्ट्राँग यांचे. २३० मीटरच्या आसपासचा, सुमारे एक किलोवॉटचा तो तरंग पाच हजार किलोमीटर ओलांडून आला होता. ऐकू आलेल्या केंद्रांपैकी बहुसंख्य ठिणगीची नव्हती, निर्वात नळ्यांवर अखंड तरंग सोडणारी होती. ठिणगी-प्रक्षेपकांचे दिवस भरल्याचे हौशींना या यादीनेच पटवले.

या यशाचे सगळे श्रेय तारेला देणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्याच रात्रींत काही ब्रिटिश हौशींनीही आपापल्या घरी, साध्या अँटेनांवर अमेरिकन केंद्रे ऐकली. म्हणजे डिसेंबरपर्यंत प्रक्षेपकही सुधारले होते आणि हिवाळ्याच्या दीर्घ रात्रींनीही साथ दिली होती. गॉडली यांच्या तारेचे काम वेगळे होते: एखादा योगायोगाचा सूर ऐकू येणे आणि रात्रीमागून रात्र खुणा लिहून घेता येतील इतके स्पष्ट ऐकू येणे, यांतले अंतर तिने भरून काढले.

पुढे जे घडले त्यात एक विलक्षण उपरोध आहे. हौशींनी आणखी खाली उडी घेतली. नोव्हेंबर १९२३ मध्ये नीसचे लेऑन देलॉय आणि हार्टफर्डचे फ्रेड श्नेल यांनी १०० मीटरच्या आसपास अटलांटिकपार पहिला दुतर्फा हौशी संवाद साधला. आखूड तरंग कमी शक्तीत जग गाठतात हे दिसताच कंपन्याही तिकडे वळल्या. मार्कोनींच्या बीम पद्धतीची केंद्रे उभी राहिली. भारत-इंग्लंड सेवेसाठी १९२७ मध्ये सुरू झालेले प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्राहक केंद्र दौंडला. लांब तरंगांच्या ज्या साम्राज्यासाठी बेव्हरेज यांनी तार शोधली, त्याला उतरती कळा लावण्याच्या कामी तीच तार आली!

तार मात्र संपली नाही. बेव्हरेज यांनी नोव्हेंबर १९२२ मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकात २०० मीटरसाठीची रचना हौशींना समजावून सांगितली होती. पुढे १६० मीटरच्या पट्ट्यावर ती रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा पट्टा लोरान या नौकानयन यंत्रणेने व्यापला आणि हौशींना तिच्या कर्कश स्पंदांत, मर्यादित शक्तीवर काम करावे लागले. अशा काळातही मॅसॅच्युसेट्सचे स्ट्यू पेरी यांच्यासारखे लोक हिवाळी रात्री खंड ओलांडत राहिले.

आजही १६० आणि ८० मीटरवर रमणारे हौशी हीच तार ताणतात: दोन-तीन मीटर उंची, दीडशे ते तीनशे मीटर लांबी, टोकाला सुमारे ४५० ओहमचा रोध आणि संचाच्या बाजूला ९:१ गुणोत्तराचा छोटा ट्रान्सफॉर्मर. बिघाडही तेच ते. जवळ वीज कोसळली की रोध जळतो. तार शाबूत दिसते, संदेशही येत राहतात. फक्त पाठीमागचा बहिरेपणा गेलेला असतो. त्यामुळे बिघाड झाल्याचे महिनोन्‌महिने कळतही नाही. कोरड्या ऋतूत अर्थिंगची सळई जमिनीशी नीट संपर्क ठेवत नाही. केबलच्या बाहेरील जाळीवरून घरातल्या विद्युत उपकरणांची भणभण शिरते आणि दोष उगाच तारेला दिला जातो. ओहममापकाने तार आणि अर्थिंग यांमधील रोध मोजला, तर रोधाच्या मूल्याहून थोडा अधिक आकडा दिसावा. तो अनंत दिसला तर तार तुटलेली किंवा रोध जळालेला. अगदीच कमी दिसला तर तार कुठेतरी जमिनीला टेकलेली. याहून सोपी कसोटी कानांची: पाठीमागच्या दिशेचे एखादे मध्यम लहरींचे केंद्र रात्री लावायचे, आणि ते पूर्वीसारखे दबलेले ऐकू येते की नाही ते पाहायचे.