वजाबाकीतले दिवस

तुरुंगाच्या परिभाषेत ‘माफी’ हा शब्द क्षमेच्या अर्थाने येत नाही. चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेतून वजा होणारे दिवस, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यातही अशी माफी आहे, आणि तेथे तिच्या वजाबाकीचे काम संगणकाकडे आहे.

जुलै २००२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की राज्याच्या तुरुंगात येण्यापूर्वी कैद्याने काउंटीच्या कोठडीत मिळवलेली माफीही हिशेबात धरली पाहिजे. निर्णय न्याय्यच होता. निकालपत्राचे संगणकाच्या आज्ञांत रूपांतर होताना मात्र एक अपवाद गळाला. गुन्ह्यात शस्त्र वापरल्यासारख्या कारणांनी मूळ शिक्षेला जोडली जाणारी वाढीव शिक्षा पुरती भोगावी लागते. कायद्याने तिला माफी नाही. नव्या आज्ञावलीत ही मर्यादा पाळली गेली नाही आणि असे कैदी मुदतीपूर्वी सुटू लागले. भाषांतर शिकवणाऱ्यांना हा दोष परिचित वाटेल: मूळ संहितेतली अट निसटते, वाक्य मात्र सुबक उतरते. दहा वर्षे ते कोणालाच खटकले नाही. संगणकाने दिलेली तारीख पुन्हा कोण मोजणार?

ती मोजली एका पीडिताच्या कुटुंबीयांनी. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी स्वतः आकडेमोड करून तुरुंग खात्याला कळवले, की हल्लेखोर लवकर सुटतो आहे. त्यांचा हिशेब बरोबर निघाला. येथपर्यंतची चूक समजण्यासारखी आहे. पुढचे प्रकरण मला अधिक गंभीर वाटते. राज्याच्या विधी अधिकाऱ्यांचा सल्ला असा पडला, की इतर कैद्यांच्या शिक्षा लगोलग हाताने मोजण्याची गरज नाही, प्रणालीची दुरुस्ती होईपर्यंत थांबता येईल. मग दुरुस्तीची मागणी माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या रांगेत दाखल झाली आणि सोळा वेळा पुढे ढकलली गेली. सारा दोष प्रोग्रॅमरांवर टाकणे सोयीचे असले, तरी त्यांच्यापुढे होती ती कामांच्या यादीतली एक ओळ. त्या ओळीमागे सुटकेची दारे उघडत आहेत, हे ज्यांना लेखी कळवले गेले होते ते दुसरीकडे बसले होते.

मे २०१५ मध्ये स्पोकेन येथे सतरा वर्षांच्या एका मुलाची गोळी घालून हत्या झाली. नोव्हेंबरमध्ये बेलव्ह्यू येथे एक स्त्री मोटार अपघातात मरण पावली. दोन्ही घटनांतील गुन्हेगार खऱ्या हिशेबाने त्या दिवशी तुरुंगात असायला हवे होते.

२२ डिसेंबर २०१५ रोजी गव्हर्नर जे इन्स्ली यांनी हे सारे जाहीर केले. तेरा वर्षांत सुमारे ३,२०० कैदी लवकर सुटल्याचा तेव्हाचा अंदाज होता. बाहेर नव्याने संसार मांडू लागलेल्या काहींना उरलेले दिवस भरण्यासाठी परत आणण्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये खात्याचे प्रमुख डॅन पाशोल्की यांनी राजीनामा दिला; त्या पदावर येऊन त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. आज्ञावली जानेवारी २०१६ मध्ये दुरुस्त झाली. तोपर्यंत गव्हर्नरांचा आदेश असा होता, की अशा कोणत्याही कैद्याला सोडण्यापूर्वी त्याची तारीख माणसाने हाताने मोजावी.