जरा ॲडजस्ट करा

लोकलमध्ये तिघांच्या बाकाशी चौथा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘जरा ॲडजस्ट करा.’ बसलेले तिघे अंग चोरून घेतात. बोलणे विनंतीचे असले, तरी नाही म्हणायची सोय नसते. अमेरिकेच्या एका सरकारी योजनेच्या नावातच हा शब्द आहे: ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. परदेशी मालाच्या स्पर्धेने किंवा कारखानाच परदेशी गेल्याने ज्याचे काम गेले, त्याला भत्ता आणि नव्या कामाचे प्रशिक्षण देणारी ही योजना. तिथल्या कामगार पुढाऱ्यांनी तिला ‘अंत्यविधीचा विमा’ असे नाव ठेवले. का ठेवले, ते तिच्या जन्मापासून पाहायला हवे.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र व्यापार धोरणावर रँडल आयोगाचा अहवाल आला. आयोगाचे एक सदस्य होते पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनल्ड. त्यांचे म्हणणे असे, की आयात शुल्क उतरवण्याचा निर्णय देशाच्या भल्यासाठी घेत असाल, तर त्याची झळ बसणाऱ्यांचा भारही देशाने उचलावा. आयोगाने ही सूचना स्वीकारली नाही. पण मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने त्याच वर्षी तशा मदतीचे विधेयक मांडले. ते पडले. सिनेटरचे नाव जॉन केनेडी.

आठ वर्षांनी केनेडी राष्ट्राध्यक्ष होते आणि आयात शुल्क मोठ्या प्रमाणावर उतरवण्याचा अधिकार त्यांना हवा होता. त्यासाठी कामगार संघटनांचा पाठिंबा मिळवणे भाग होते. मग ११ ऑक्टोबर १९६२ रोजी सही झालेल्या व्यापार विस्तार कायद्यात मदतीचे कलम आले: आठवड्याच्या पगाराच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, साधारण वर्षभर. म्हणजे ही मदत जन्मली ती सौद्यातली एक बाजू म्हणून.

अटी मात्र अशा, की आयात वाढली ती मुख्यतः शुल्कसवलतीमुळेच, आणि काम गेले ते मुख्यतः त्या आयातीमुळेच, ही दोन्ही टोके कामगाराने जुळवून दाखवायची. परिणाम? १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत, सात वर्षांत, कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. लग्नाच्या वेळी कबूल केलेले सगळे बोहल्यावरच राहिले.

१९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या आणि निवाडा कामगार खात्याकडे सोपवला. तेलाचे भाव भडकले, लहान जपानी मोटारी खपू लागल्या आणि अमेरिकी मोटार कामगार रांगेत उभे राहिले. १९८० च्या आर्थिक वर्षात खर्च सुमारे १६० कोटी डॉलरवर गेला. पुढच्याच वर्षी रेगन सरकारने कात्री चालवली. भत्ता नेहमीच्या बेकारी भत्त्याइतका खाली आला आणि रोख मदतीऐवजी भर प्रशिक्षणावर गेला.

तोवर प्रश्न परदेशातून येणाऱ्या मालाचा होता. मेक्सिको आणि कॅनडाशी झालेला नाफ्टा करार १९९४ मध्ये लागू झाला, तेव्हा काम त्या दोन देशांत हलवले गेले तरी मदत मिळू लागली. २००२ मध्ये आरोग्य विम्याच्या हप्त्याला हातभार आला. पन्नाशी उलटलेल्याला कमी पगाराची नवी नोकरी धरावी लागली, तर पगारातल्या फरकाचा निम्मा भागही काही काळ मिळू लागला.

याच सुमारास या कथेत भारत येतो. काम भारतात गेल्याने बेकार झालेल्या अमेरिकी प्रोग्रामरनी मदत मागितली. खाते म्हणाले, कायदा ‘वस्तू’ बनवणाऱ्यांसाठी आहे. सॉफ्टवेअर तबकडीवर भरून विकले तर ती वस्तू. तेच तारेतून पाठवले तर नव्हे! प्रकरण कोर्टात गेले आणि २००६ मध्ये खात्याला भूमिका बदलावी लागली. पुढे २००९ मध्ये सेवा क्षेत्रातल्या कामगारांनाही दार उघडले.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १९६२, १९७४, २००२, २०१५: राष्ट्राध्यक्षांना व्यापार करारांसाठी अधिकार हवा होता, त्या प्रत्येक वेळी या मदतीला जन्म, बळ किंवा मुदतवाढ मिळाली. २०२१ मध्ये तो अधिकार संपला आणि नवा मागण्याची घाई कोणाला नव्हती. मदतीच्या बाजूनेही मग जोर लावणारे उरले नाहीत. गरज सरो, वैद्य मरो.

मॅकडोनल्ड यांनी मागितला होता न्याय. कायद्याने दिली ती मतांची किंमत. ३० जून २०२२ रोजी योजनेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून कामगार खात्याने नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबवले.