वास घालवणारी गोळी
जखम भरावी म्हणून आपण पट्टी बांधतो. पण शेवटच्या अवस्थेतल्या कॅन्सरची उघडी जखम भरत नाही, आणि तिच्या वासाने माणसे दुरावतात. मृत पेशींत ऑक्सिजन पोचत नाही. तिथे ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू प्रथिने कुजवतात. त्यांच्यावरचे औषध सापडले ते योगायोगाने. मेट्रोनिडॅझोल हे मुळात ट्रायकोमोनास या एकपेशीय जीवावरचे औषध. ते घेणाऱ्या एका रुग्णेच्या हिरड्याही बऱ्या झाल्याचे १९६२ मध्ये ब्रिटनमधील शिन यांनी नोंदवले. असे जीवाणू स्वतःच या औषधाचे विषात रूपांतर करतात! पुढे मरणासन्नांची शुश्रूषा करणाऱ्यांनी ते उचलले. आपल्याकडे गोळी कुटून पूड जखमेवर भुरभुरतात. गाठ तशीच राहते; वास ओसरतो, घरचे पुन्हा खाटेजवळ बसतात.